उखाची घागर

माठावरचं झाकण वाजलं, तशी कोपऱ्यातली जमना दचकली. धाकटा उखा गेल्यापासून महिनाभर तिचं असंच चाललं होतं. बोलणं बंद, दोन घासांवर ताट सारायचं. आज आखाजी, गेलेल्यांच्या नावाने पाण्याची घागर भरायचा दिवस. मी लहानशी घागर तिच्यापुढे ठेवली. "ये बेटा, उखानी घागर तू भर."

सासूबाईंनी हटकलं, "इतल्या धाकल्या पोऱ्यानी घागर कोनी भरस का?"

"भरू द्या तिले, आत्या. तिना भाऊ शे."

जमना उठली. माठातून एकेक तांब्या काढून, थेंबही न सांडता तिने घागर काठोकाठ भरली. मग महिन्याभराने पहिल्यांदा माझ्याकडे पाहून बोलली, "माय, उखाना हात माठले पुरस नही. तठे त्याले पानी कोन देस?"