साडेचार गिगाहर्ट्झ

दोघी बहिणींनी सहा महिन्यांपूर्वी एकाच दिवशी, एकाच दुकानातून स्वस्तातला एकसारखा प्रोसेसर घेतला होता. पण कंपनीने ठरवलेल्यापेक्षा जास्त वेगाने दामटला, की धाकटीचा साडेचार गिगाहर्ट्झवर सुसाट पळायचा आणि थोरलीचा चारच्या वर नेला की स्क्रीन गोठलीच म्हणून समजा.

"अगं ताई, एकेक चिप तशी निघते. नशिबाचा भाग," धाकटी समजूत घालायची, आणि थोरलीच्या अंगाचा आणखीच तिळपापड व्हायचा. लहानपणापासून नशीब मेलं हिच्याच बाजूला!

आज धाकटी कामावर गेली आणि थोरलीने दाराला कडी घातली. दोन्ही कॅबिनेट उघडून प्रोसेसर काढले, त्यांच्यावरचा, चिप थंड ठेवणारा राखाडी लेप पुसला आणि ताजा लावून सरळ अदलाबदल करून टाकली. सहा महिन्यांपूर्वीचा लेप अजून लोण्यासारखा मऊ कसा, हा विचार करायला तिचं डोकं ठिकाणावर होतं कुठे? साडेचार लावून तिने बटण दाबलं. स्क्रीन गोठली. दिवसभर खटपट केली, तरी दर वेळी गोठलीच.

संध्याकाळी बेल वाजली. राखाडी बोटं पाठीमागे लपवत तिने दार उघडलं.

"साडेचारवर लावून बघितलास का? पळतोय ना आता?" चपला काढता काढताच धाकटीने विचारलं. "आठ दिवस नुसती तोंड पाडून बसली होतीस. म्हणून काल तू बाहेर गेलीस तेव्हा माझा प्रोसेसर तुझ्या कॉम्प्युटरात बसवला आणि तुझा मी घेतला."