काल घरी कोण मराठीत बोललं?

"म्याडम, लेकरांना रोज रोज असलं विचारू नगा. खोटं बोलाय शिकतेत," शाळेत खिचडी शिजवणाऱ्या विठाबाई एकदा म्हणाल्या होत्या. चैताली नुसती हसली होती. सीमेजवळचं गाव. वर्गातली निम्मी लेकरं घरी कन्नड बोलणारी, चार तांड्यावरची. मराठी घरात शिरली नाही तर पुस्तकात कुठून उतरणार? म्हणून प्रार्थना झाली की ती विचारायची, "काल घरी फक्त मराठीत कोण कोण बोललं?" हात वर करणाऱ्यांना टाळ्या. बाकीच्यांनी उभं राहायचं. दुसरीतल्या वर्षाराणीचा हात सगळ्यांच्या आधी वर जायचा.

आज दुपारी दीड वाजता तीच वर्षाराणी उमरग्याच्या दवाखान्यात चैतालीची ओढणी घट्ट धरून उभी होती. शाळेत निरोप आला तशी चैतालीच तिला घेऊन आली होती. आत तिची आज्जी, नीलम्मा. कल्याणप्पा, पोरीचा बाप, गॅरेजवरून जेवायला घरी आला, तर आई ओसरीवर कलंडलेली. उजवा हात लुळा, तोंडातून शब्द नाही. पोरीची आई दोन वर्षांपूर्वीच वारलेली. घरात एवढी तिघंच.

"मेंदूत गुठळी आहे," डॉक्टर म्हणाले. "विरघळवायचं इंजेक्शन आहे माझ्याकडं. पण त्रास सुरू झाल्यापासून साडेचार तासांच्या आत द्यावं लागतं. उशीर झाला असला तर उलट जीवावर बेतेल. शेवटचं धड कधी बोलल्या त्या?"

"मी पहाटं पाचला निघालो तवा झोपली होती जी," कल्याणप्पा म्हणाला.

"मग पाचच धरावे लागतील. वेळ गेली म्हणायची." डॉक्टर वाकले. "बाळ, तू शाळेला निघालीस तेव्हा आज्जी बोलली का तुझ्याशी?"

वर्षाराणीनं डॉक्टरांकडं नाही, चैतालीकडं बघितलं.

"न्हाय. आमी घरी फक्त मराठीतच बोलतो."

नीलम्माला मराठीचा शब्द येत नव्हता, हे साऱ्या गावाला ठाऊक. चैतालीलाही. तिच्या घरीही तीन वर्षांची लेक आहे. काही लपवताना लेकरू ओठ कसे मिटतं, हे ती ओळखते. ते ओठ तिनं पाहिले. पण त्या क्षणी तिला वाटलं एवढंच, की पोरगी किती सफाईनं मराठी बोलली! आणि ती गप्प राहिली.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं नाही.

चार वाजता चैतालीनं पोरीला बाहेर पायरीवर बसवून बिस्किटं दिली. पुडा फोडलाच नाही पोरीनं. हळूच म्हणाली, "म्याडम, टाळ्या नगं मला."

"का गं?"

"आज्जी बोलली होती. येणी घालताना गोष्ट सांगितली. कन्नडात. म्या बी कन्नडातच बोलले. घंटा झाली तवा पळत आले." मग चेहरा निरखत, "उद्या हात वर करणार न्हाय म्या. उभी राहते."

घंटा साडेदहाला होते. चैतालीनं बोटांवर मोजलं. साडेदहा ते तीन. दीड वाजता हातात दीड तास होता.

नीलम्मा जगली. बोलणं परत आलं नाही.

तुम्ही कधी त्या बाजूला गेलात, तर गावच्या नाक्यावरून आत वळून नीलम्माच्या पत्र्याच्या घरात डोकावून या. चैतालीचं पाऊल तिकडं वळत नाही. म्हातारीची काळजी नको. तिला भरवायला कल्याणप्पा आहे. वर्षाराणीला तेवढं बघा. शाळा सुटली की ती आज्जीपुढं बसून तासन्‌तास कन्नडात बोलत असते, म्हणतात. फक्त आत शिरायच्या आधी दारातून हाक मारू नका, हळूच जा. कुणाची चाहूल लागली की ती मराठीत बोलायला लागते.