आठ कड्या

"साखळीची एकही कडी काढायची नाही. न्यायची तर आहे तशी न्या."

फिटरची बायको दारातूनच कडाडली. फिटर अंगणात उकिडवा बसला होता. समोर त्यांच्या लेकीची तीनचाकी, पायांनी नाही, हाताने दांडी फिरवून चालवायची. लेक जाऊन वर्ष झालं होतं. आईबरोबर गाडी न्यायला आलेली सहा वर्षांची पोर सीटवर बसली होती. तिचे हात दांडीला पोचत नव्हते.

"दांडी मागे घेतली की साखळी लोंबणार," फिटर म्हणाला. "लोंबली की उतरणार. पोर भर रस्त्यात अडकली तर?"

बायको चिडली. "काढा मग! आधी हातांचा गंज काढा."

फिटरने पिनेखाली नट ठेवला, वर टोक घासलेला खिळा धरला आणि हातोडी मारली. साखळी सामानाच्या सायकलची, जाडजूड. पिन हलेना. तिसरा घाव अंगठ्यावर बसला.

"साखळी तोडताय की बोट?" ती पुढे आली. पदर खोचून साखळी घट्ट धरून बसली.

दोन कड्या निघाल्या. या तेराव्या वर्षी जोडल्या होत्या, लेकीचे हात एकाएकी लांब झाले तेव्हा. पुढच्या दोन अकराव्या वर्षीच्या. त्या वर्षी लेकीने शेजाऱ्याच्या पायावरून चाक नेलं होतं आणि वर त्यालाच विचारलं होतं, "पाय रस्त्यात कशाला ठेवता?" सगळे म्हणाले, आईवर गेलीय. मग नवव्या वर्षीच्या दोन.

फिटरने साखळी लावून पाहिली. "पुरे. पोचतायत हात."

"पोचतायत कसले? कोपरं ताणलीत पोरीची. अजून दोन काढा."

फिटरची हातोडी वर जाईना. या दोन सातव्या वर्षीच्या, सगळ्यांत आधी जोडलेल्या. तिने त्याच्या हातातून हातोडी घेतली आणि घाव घातला. डोळे पुसले नाहीत. हात काळे होते.

साखळी बसली. पोरीने दांडी फिरवली आणि अंगणात एक गिरकी घेतली.

फिटरच्या बायकोने आठही कड्या फडक्यात बांधल्या आणि पोरीच्या आईपुढे धरल्या. "टाकू नकोस. वाढेल तशा दोन-दोन जोडायच्या."

पोरीच्या आईने हात पुढे केला नाही. हळूच म्हणाली, "काकू, राहू द्या तुमच्याकडेच. डॉक्टर म्हणालेत, वाढण्याइतके दिवस नाहीत हिच्याकडे."

फिटरच्या बायकोने पुरचुंडी तिच्या मुठीत कोंबली.

"आमच्या लेकीचंही असंच सांगितलं होतं, बाई. तेव्हा यातली एकही कडी साखळीत नव्हती."