भिंतीला हात लावू नका

हमरस्त्याचा भराव धरून ठेवणारी भिंत आमच्या परसात फुगली, तेव्हा मुलगा शाळेत शिकत होता. करारानुसार काम झालं नाही म्हणून सरकारने ठेकेदारावर दावा केला. भिंत पुरावा ठरली. निकालापर्यंत तिला कुणी हात लावायचा नाही, असा हुकूम निघाला. पुरावा मात्र सरकत सरकत आमच्या स्वयंपाकघरावर रेलला. असलं घर विकत घेणार कोण? ह्यांनी आतून लाकडी टेकू लावला. निकाल लागला की नवी भिंत होईल, या आशेवरच ते गेले.

आज मुलगा कोर्टातून आला.

"आई, ठेकेदार जिंकला."

"अरे, कसा काय?"

"इतक्या वर्षांत भिंत पडली नाही, म्हणजे काम पक्कं आहे म्हणे!"



मी हातोडी घेतली आणि ह्यांचा टेकू आणखी घट्ट ठोकला.