नववा फर्मा

"एकेचाळीस पत्रं आलीत, बाई," प्रकाशक म्हणाले आणि त्यांनी गठ्ठा लेखिकेपुढे सरकवला. "तुम्ही सात जादूची जगं लिहिलीत, पण लोक वेडे झालेत ते एकाच जगावर. मधमाश्यांच्या."

"माझ्या कादंबरीत मधमाश्या नाहीत."

प्रकाशक हसले. लेखक मंडळी स्वतःचं लिहिलेलं विसरतात, असा त्यांचा अनुभव होता.

तिने वरचं पत्र उघडलं. एका निवृत्त कारकुनाने लिहिलं होतं, 'थोडा धूर केला की जिथली सगळी प्रजा मुकाट बसते, ते जग फार मार्मिक आहे. रोख कोणावर आहे, ते आम्ही ओळखले.' दुसरं एका सासूबाईंचं. 'थंडी पडायच्या आत तिथे सगळ्या नरांना घराबाहेर काढतात, हे वाचून आमच्या सूनबाईंनी टाळ्या वाजवल्या.' तिसऱ्यात एक विद्यार्थी लिहीत होता, की राणी दिवसाला हजार अंडी घालते, ही कल्पना सुचायला प्रतिभाच लागते.

तिने टेबलावरची प्रत ओढली. शाळेत दिवसभर भूगोल शिकवून आल्यावर नऊ वर्षं ती ही कादंबरी लिहीत होती. चार वेळा प्रुफं तपासून इतकी विटली होती, की छापील पुस्तकाचा तिने फक्त वास घेतला होता. पान १२८वर बहीण आणि धाकटा भाऊ पाचव्या जगाच्या दारापाशी उभे होते. पान १२९वर पहिलं वाक्य होतं, 'पेटी उघडण्यापूर्वी चांगला धूर करून घ्यावा.'

"हे काय आहे?"

प्रकाशकांनी चष्मा लावून पान पाहिलं आणि मुखपृष्ठ उलटून पुस्तकाचं नाव तपासलं. त्यांनी पुस्तक वाचलंच नव्हतं, हे तिला तेव्हा कळलं.

बाइंडर मामा आतल्या खोलीतून हाताची खळ पुसत आले. त्यांनी पुस्तक उलटंसुलटं करून पाहिलं.

"मधमाशीपालनाच्या पुस्तकाचा फर्मा लागलाय," ते म्हणाले. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. अशा घड्या एकावर एक लावून पुस्तक शिवतात. "दोन्ही पुस्तकांचा आकार एक, कागद एक, एकाच आठवड्यात छापून आली. नवव्या फर्म्याचे ढीग शेजारी शेजारी होते."

"आणि तुम्हाला दिसलं नाही?"

"मी आकडा बघतो, बाई. एकशे अठ्ठावीसनंतर एकशे एकोणतीस. बरोबर लागलंय. मजकूर वाचत बसलो, तर पुस्तकं शिवू कधी?"

"मग माझी सोळा पानं कुठे आहेत?"

"त्या दुसऱ्या पुस्तकात. जातायत कुठे?"

ती सोळा पानं! त्या दारातून एकालाच पलीकडे जाता येतं, हे कळल्यावर धाकटा भाऊ बहिणीला ढकलतो आणि मागे राहतो. तिचा स्वतःचा धाकटा भाऊ जाऊन अकरा वर्षं झाली होती. त्यातली दोन ही सोळा पानं लिहिण्यात गेली होती. बाकी सगळी कादंबरी तिने या पानांपर्यंत पोचता यावं म्हणून लिहिली होती.

ती एकेक पत्र उघडू लागली. भाऊ कुठे गेला, असं कोणीतरी विचारलंच असेल. सव्विसाव्या पत्रापर्यंत त्याचं नावही नव्हतं. सत्ताविसाव्यात होतं, 'भाऊ मध्येच कुठे गायब झाला, ते कळले नाही. पण तसा तो रडकाच होता. बहीण एकटीच बरी.'

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

"दुसऱ्या आवृत्तीत माझा फर्मा परत घाला."

"असं कसं म्हणता?" प्रकाशक म्हणाले. "मधमाश्या काढल्या तर लोक मला फाडून खातील. उलट मी म्हणतो, पुढचा भाग लिहा. त्यात मुंग्या घ्या."

"मी नऊ वर्षं मुंग्यांसाठी नाही घालवली!"

"चिडू नका. पण तुम्हीच सांगा, त्या भावावाचून एकाचं तरी अडलं का?"

तिने उरलेली चौदा पत्रंही चाळली. अडलं नव्हतं. एकेचाळीस माणसं त्याला ओलांडून पुढे गेली होती. तिला रडायला येत होतं आणि या माणसापुढे रडायचं नव्हतं, म्हणून ती पत्रांच्या कडा उगाच जुळवत बसली.

मामा अजून दारातच उभे होते. "साहेब, त्या मधमाश्यांच्या पुस्तकाचंही एक पत्र आलं होतं ना?"

"ती तक्रार आहे, अभिप्राय नाही. भलतीच पानं लागलीत म्हणत होता, मी पुरतं वाचलंही नाही. ते पुस्तक एकशे एकोणतीसपर्यंत वाचणारा हा एकटाच निघाला." प्रकाशकांनी खण धुंडाळून एक चुरगळलेला कागद तिच्यापुढे टाकला.

अक्षर मोठं होतं, लिहायची सवय नसलेल्या माणसाचं.

'आपल्या पुस्तकावरून मी यंदा मधमाश्यांच्या आठ पेट्या लावल्या. पुढच्या पानावर धूर कसा करावा ते येईल, असे वाटले होते. तिथे दार आले आणि बहीण-भाऊ आले. त्याने तिला ढकलले, त्यानंतर मी त्या दिवशी पेट्यांकडे गेलो नाही. तो पोरगा तिथे एकटा काय करत असेल? सोबतचे पुस्तक बदलून द्यावे. त्यातली ती सोळा पाने मी काढून घेतली आहेत. ती परत मागू नयेत.'