दिगंबररावांचा होकार

दिगंबर घारपुरे अकरा दिवस बेशुद्ध होते आणि श्वासयंत्रावर जगत होते. बाराव्या दिवशी सकाळी डॉक्टर मुजावरांनी त्यांच्या पत्नीला, शालनताईंना, केबिनमध्ये बोलावलं आणि टेबलावरचा स्पीकर चालू केला.

"शालू," दिगंबररावांचा आवाज आला, "यंत्र काढू दे. मला असं पडून राहायचं नाही."

चार वर्षांपूर्वी दिगंबररावांनी एक फॉर्म भरला होता. त्यांची पत्रं, फोनवरचं बोलणं आणि आजारपणाचे कागद यांवरून इस्पितळाने त्यांच्या मनाची प्रतिकृती तयार केली होती. रुग्ण बोलू शकत नसेल, तर कायद्याने त्या प्रतिकृतीचाच शब्द अखेरचा होता.

शालनताई स्पीकरकडे वाकल्या. "खरं सांगा, माझे हाल होतात म्हणून म्हणताय ना?"

आवाज म्हणाला, "हो. तुझे गुडघे दुखतात. इथे यायला दोन बस बदलाव्या लागतात."

"ऐकलंत, डॉक्टर? हे जन्मभर असेच वागले. स्वतःला काय हवंय ते कधी बोललेच नाहीत. यांना विचारून काय कळणार?"

मुजावरांनी चष्मा काढून डोळे चोळले. "म्हणजे प्रतिकृती अचूक आहे, ताई. मला तिचं ऐकावंच लागेल."

"मी सही करणार नाही."

"तुमची सही लागत नाही," ते हळूच म्हणाले.

शालनताई अतिदक्षता विभागात गेल्या आणि नवऱ्याचा हात हातात घेतला. तो गरम होता.

"अहो, एकदा तरी स्वतःसाठी काहीतरी मागा," त्या म्हणाल्या.

यंत्र बंद करायला आलेली नर्स त्यांचं बोलणं संपेपर्यंत दारातच थांबली.