ग्लुकोजचं पाणी

हुबळीच्या रथोत्सवात त्या वर्षी अँब्युलन्स गर्दीबाहेरच अडकली, म्हणून नर्स दीपश्री औषधांची पेटी कॅरिअरला बांधून सायकलवरून आत शिरली. दुर्गदबैलच्या बाजारात एका कापडदुकानाच्या पायरीवर पन्नाशीचा माणूस कलंडला होता. शर्ट घामानं चिंब झालेला, जीभ अडखळत होती.

"कुडदानरी सिस्टर, पिऊन पडलाय. सोडा त्याला," कुणीतरी म्हणालं.

दीपश्रीनं वाकून पाहिलं. दारूचा वास नव्हता. खिशात डायबेटिसच्या गोळ्यांची पट्टी सापडली. सकाळची गोळी घेऊन हा उपाशीपोटी उन्हात उभा राहिला असणार.

"यांच्याबरोबर कोण आहे?" तिनं ओरडून विचारलं. कुणीच पुढं आलं नाही. मग तिनं स्वतःच त्याला टेकून बसवलं आणि घोट घोट ग्लुकोजचं पाणी पाजलं.

दहा-पंधरा मिनिटांत त्याची नजर स्थिर झाली. "श्यामला कुठाय?" त्यानं स्पष्ट विचारलं.

इतका वेळ समोरच्या खांबाआड उभी असलेली बाई धावत आली आणि त्याचे हात धरून रडायला लागली.

"अक्का, तुम्ही इथंच होता? मग बोलला का नाहीत? जीव गेला असता यांचा!" दीपश्री चिडली.

"अकरा वर्षं झाली यांनी दारू सोडून. मला वाटलं, परत…" पदरानं त्याचा घाम टिपत तिनं विचारलं, "सिस्टर, नुसती साखरच उतरली होती ना?"